सगळ्यांना तोंडपाठ असलेला पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. वर्गातले कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या अंगावर चौदा ओळींची एक गोष्ट होती. आता बाराच ओळी उरल्या आहेत. पण गोष्ट सांगणे हे माझे काम नव्हते. कोणत्या मुलाला वाचता येते आणि कोणाला येत नाही, हे ठरवणे माझे काम होते. ते मी बावीस वर्षे केले आणि त्यातली वीस वर्षे फार वाईट केले. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

मी जन्माने एक खोके. माझ्यातून शाळेत नकाशे आले. नकाशे भिंतीवर गेले आणि खोके कोपऱ्यात पडले. तेव्हा या वर्गावर जुन्या बाई होत्या. त्यांनी माझी एक बाजू सुरीने कापून घेतली, तिच्यावर पांढरा कागद चिकटवला आणि जाड निबेच्या पेनने चौदा ओळी लिहिल्या. काय अक्षर होते त्यांचे! एकाही अक्षराचा दुसऱ्याला धक्का लागत नसे. वरून त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले, दोन भोके पाडून दोरी ओवली आणि मला खिडकीजवळच्या खिळ्याला टांगले.

मला करण्यामागे त्यांचा हेतू चांगला होता. शाळेची रीत अशी, की वर्ष संपत आले की सहावीतल्या प्रत्येक मुलाचे वाचन पाहायचे. येत असेल तर नोंदवहीत बरोबरची खूण, नसेल तर फुली. फुली मिळालेले मूल त्याच वर्गात राहायचे. बाकीची रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जायची. पूर्वी कोणाला कोणतेही पुस्तक उघडून वाचायला लावत. मग आयाबाया येऊन भांडायच्या, की आमच्याच लेकराच्या वाट्याला अवघड पान कसे आले? जुन्या बाई म्हणाल्या, सगळ्यांना एकच पान देऊ, म्हणजे कोणावर अन्याय नको. ते पान म्हणजे मी.

‘तळ्याकाठी एक सुतार राहत होता. सुतार रोज एक फळी तासत असे.’ अशी माझी सुरुवात. हा सुतार लोकांच्या थट्टेकडे कानाडोळा करून एक मोठी नाव बांधत राहतो, आणि मग तळ्याचे पाणी गावात शिरते. शेवटच्या दोन ओळी अशा: ‘पाणी चढले तेव्हा सगळ्या गावाला नावेत जागा मिळाली. सुतार मात्र सर्वांत शेवटी नावेत चढला.’

पहिली दोन वर्षे मला कोणी ओळखत नव्हते, म्हणून माझे काम चोख झाले. जुन्या बाई मुलाच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसत. मूल माझ्या ओळीखाली बोट धरून वाचायचे. बाईंची नजर त्या बोटावर असे. “तोंडाकडे नाही बघायचं, बोटाकडे बघायचं,” असे त्या म्हणत. जोडाक्षर आले की वाचणारे बोट थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे सरकते. कधी रागाने अक्षरावर टकटक करते. ज्याला वाचता येत नाही त्याचे बोट मात्र घसरगुंडीवरून उतरल्यासारखे सरसर जाते. त्याला अडायला काही दिसतच नाही.

दोन वर्षांनी जुन्या बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी नव्याने आलेल्या बाईंना बजावले, “दर दोन वर्षांनी गोष्ट बदल हं. पोरांना पाठ होते.” नव्या बाईंनी मान हलवली. पण मला बदलायचे त्यांच्या जिवावर आले. जुन्या बाईंच्या हाताखाली त्या शिकलेल्या; त्यांच्या अक्षरावर दुसरा कागद कसा चिकटवणार? असा त्यांच्या आदराने माझा आणि मुलांचा घात केला. बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. आजारी मुलाच्या घरी वही घेऊन जाणाऱ्या बाई होत्या त्या. पण नोंदवही आणि घड्याळ ठेवायला जागा हवी म्हणून त्या मुलाच्या शेजारी बसण्याऐवजी टेबलाच्या पलीकडे बसू लागल्या. मी मुलासमोर, माझी पाठ बाईंकडे. दीड मिनिटात न अडखळता वाचले की खूण. बाई घड्याळाकडे बघत आणि कानाने ऐकत. बोट कोणीच बघत नव्हते.

मुले टेबलापासून दाराबाहेरपर्यंत रांगेत उभी राहत. पहिल्याचे वाचन दुसरा ऐके, दुसऱ्याचे तिसरा. विसाव्या मुलाची पाळी येईपर्यंत गोष्ट रांगेत सगळ्यांच्या ओठांवर आलेली असे. थोरल्या बहिणी धाकट्या भावांना मला शिकवू लागल्या. ज्याने सहावीचा वर्ग आतून पाहिलेला नाही, अशा दुसरीतल्या पोरालाही सुतार माहीत झाला. आणि निकाल? शंभर टक्के! मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, पाहुण्यांना वर्गात आणून माझ्याकडे बोट दाखवत. “हा आमचा पुठ्ठा. याच्यासमोर एकही मूल अडत नाही.” मी फुगून जात असे. खोटे कशाला बोलू? घडाघडा वाचणारी मुले मला फार आवडत. घामेजलेल्या बोटाने एकेक अक्षर चाचपडणारे मूल समोर आले की मला वाटे, आटप बाबा, डाग पाडशील.

माझे डोळे एका रंगाऱ्याने उघडले.

शाळा रंगवायला काढली होती. पंचविशीतला एक रंगारी आमच्या वर्गात शिडी घेऊन आला. मला खिळ्यावरून उतरवताना तो मोठ्याने हसला आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना म्हणाला, “हा अजून आहे होय? मी याच वर्गात होतो, मावशी.” मग छताकडे बघत त्याने चौदाच्या चौदा ओळी म्हणून दाखवल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मावशींनी कौतुकाने हात ओवाळून बोटे मोडली. मला भरून आले.

मग तो डब्यांकडे वळला. सहा डबे रांगेत होते. त्याने पहिल्याचे झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले, आत पाहिले, परत ठोकले. दुसऱ्याचे उचकटले.

“अहो, काय शोधताय?” मावशींनी विचारले.

“पांढरा.”

“मग डब्यावर लिहिलेलं असेल की.”

“चष्मा राहिला घरी,” तो म्हणाला आणि तिसरे झाकण उचकटू लागला.

चष्मा कसला! नाकावर वळ नाही, डोळे बारीक करणे नाही. शिडीच्या टोकावरून भिंतीतली केसाएवढी भेग त्याला दिसत होती. मला त्याचे बोट आठवले. चौदा वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून सरसर गेलेले, कुठेही न थांबलेले. त्याला खूण मिळाली होती. ती मी दिली होती. त्या दिवसापासून प्रत्येक सरसर जाणारे बोट मला चटका दिल्यासारखे लागू लागले, आणि मित्रांनो, ती बोटे थोडीथोडकी नव्हती.

पण पुठ्ठ्याने सांगायचे कोणाला आणि कसे?

अशात ती आली. तिला सगळे भोंगा म्हणत. शाळेच्या कार्यक्रमात माइक बंद पडला की मोठे सर ओरडत, “भोंगाला बोलवा!” ती मंचावर उभी राहून बोलली की फाटकाबाहेरच्या माणसालाही ऐकू जाई. भाषणे, नाटकातले संवाद, पाढे, एकदा कानावर पडले की तिच्या डोक्यात पक्के बसे. तिची आई कपडे शिवायची. पालकसभेला आली की सगळ्यांत पुढे बसायची, आणि बाई लेकीचे नाव घेतील तेव्हा मागच्या बायकांकडे वळून बघायची.

या भोंगाला वाचता येत नव्हते. सुटी अक्षरे काही ओळखीची होती. पण त्यांना काना-मात्रा चिकटल्या, दोन अक्षरे एकमेकांत अडकली, की तिच्यासाठी सगळ्याचा गुंता होई. फळ्यावरचे उतरवून घ्यायला मात्र ती पटाईत. चित्र काढावे तसे सुबक उतरवी, आणि गृहपाठाची उत्तरे इतक्यांदा गिरवी की हाताला पाठ होत. तिच्या बाकावर शेजारी एक मुलगी बसे, तिला सगळे हळूबाई म्हणत. हळूबाई मुंगीच्या पावलांनी वाचे आणि वाचताना पुटपुटे. परीक्षेत हळूबाईने प्रश्न पुटपुटला की भोंगा कान टवकारी आणि उत्तर लिहून टाकी. सहा वर्षे तिने असे निभावून नेले. वर्गात वाचायची पाळी आली की तिचा घसा बसे, किंवा खडू संपल्याचे तिलाच आधी दिसे आणि ती आणायला धावे. एवढी हुशारी लपवण्यात खर्च होत होती.

डबा खायच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ती माझ्यासमोर येऊन उभी राही. पहिल्यांदा मला वाटले, उजळणी करते आहे. पण ती बोटांवर मोजत होती. गोष्टीत ‘सुतार’ कितीदा येतो ते तिने तोंडाने गोष्ट म्हणत मोजले. सहादा. मग ती माझ्या अंगावर सहादा येणारा आकार शोधू लागली. मी थक्क झालो! कोणी न शिकवता ती कुलूप उघडायला निघाली होती. तीन दिवस शोधून तिने सुतार पकडला. चार ठिकाणी अगदी सारखा. पण दोन ठिकाणी त्याला शेपूट होते, कारण तिथे ‘सुताराने’ आणि ‘सुताराला’ होते. ती बुचकळ्यात पडली. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. शेवटी तिने माझ्यावर कपाळ टेकले आणि हळू आवाजात म्हणाली, “सांग ना रे. कुठं काय लिहिलंय ते सांग ना. थोडेच दिवस राहिलेत आता.”

तो भोंग्याचा आवाज नव्हता. मी तिच्या कपाळाला टेकून होतो आणि मला सगळे माहीत होते. कुठे काय आहे हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार? पण मला तोंड नाही. पोर समोर बुडत होती आणि मी काठावरच्या दगडासारखा होतो.

तेवढ्यात बाई आत आल्या.

“काय ग भोंगा, जेवली नाहीस?”

“बाई, मला ना...” तिने तोंड उघडले. मी जीव मुठीत धरला.

“अग, तुला कसली आलीय उजळणी! तू तर डोळे मिटून वाचशील. तुझी आई भेटली होती काल. मोठ्या शाळेचा गणवेश शिवून तयार आहे म्हणाली. इस्त्रीसुद्धा केली म्हणे.” बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. “काय म्हणत होतीस?”

“काही नाही, बाई. पाणी प्यायला जाऊ?”

ती गेली. कौतुकाने एखाद्याचे तोंड असे बंद होते, हे मी त्या दिवशी पाहिले.

वाचन पाहायला आठवडा उरला होता. मोठ्या शाळेत गेली, की तिला अक्षरे कोण शिकवणार होते? तिथे धडे मोठे, वर्ग मोठे, आणि हातात या शाळेची खूण. तिथले शिक्षक म्हणणार, हिला तर येते. मग ती आणखी हुशारीने लपवणार, आणि एक दिवस कुठेतरी डब्यांची झाकणे उचकटत बसणार. मला दुसरे काही सुचेना. मी दिवसभर एकच मागणे मागत होतो, की मला आग लागो, उंदीर लागो, काहीही होवो, पण त्या टेबलावर मी नको.

माझे मागणे अर्धेच पुरे झाले. मावशी खिडकी धूत होत्या. खालच्या बाजूला माझे प्लॅस्टिक केव्हाचे उसवले होते. साबणाचे पाणी आत शिरले आणि शेवटच्या दोन ओळींची शाई पसरून काळा ओघळ झाला. जुन्या बाईंचे अक्षर गेले. एरवी मी रडलो असतो. त्या दिवशी मला वाटले, आता तरी बाई नवा पुठ्ठा करतील. बाईंनी हळहळून मला उन्हात वाळवले, ओघळावर एक कोरी पांढरी पट्टी चिकटवली आणि स्वतःशी म्हणाल्या, “गोंद वाळला की या दोन ओळी लिहून टाकते.” तेवढ्यात मोठ्या सरांनी कसली तरी माहिती मागवली. बाई गेल्या आणि विसरल्या. पट्टी कोरीच राहिली.

वाचनाचा दिवस उजाडला. बत्तीस मुले, दाराबाहेरपर्यंत रांग. मी टेबलावर, पाठ बाईंकडे. पहिला मुलगा आला, बारा ओळी म्हणाला आणि कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवत उरलेल्या दोन ओळीही म्हणून मोकळा झाला. खूण. दुसरी आली. तीही तशीच. तिसरा, चौथा, दहावा. ज्यांना खरेच वाचता येत होते तेसुद्धा सवयीने पुढे म्हणत गेले. नसलेल्या ओळी सगळे वाचत होते, आणि बाई घड्याळाकडे बघत होत्या. मित्रांनो, ओरडावेसे वाटते आणि ओरडता येत नाही, असे तुम्हाला कधी झाले आहे का?

मग हळूबाई बसली. घामेजलेले बोट तिने पहिल्या अक्षराखाली ठेवले. ती थांबली, मागे गेली, पुढे आली. बाराव्या ओळीच्या शेवटी पोहोचली आणि गप्प झाली.

“पुढे?” बाई म्हणाल्या.

“बाई, पुढं काही नाहीये.”

“नाहीये म्हणजे? सगळ्यांनी वाचलं ते?”

“कोरं आहे, बाई.”

“बहाणे नकोत मला. वेळ संपली तुझी.” बाईंनी नोंदवहीत फुली मारली. “वर्षभर सांगतेय, सराव कर, सराव कर. आता बस पुन्हा याच वर्गात.”

सबंध वर्गात माझ्याकडे बघून वाचणारी ती एकटी होती आणि तिला फुली मिळाली. तिचे डोळे डबडबले. ती उठून भिंतीशी उभी राहिली.

तिच्यामागे भोंगा होती. तिने सगळे ऐकले होते. ती बसली, बोट ठेवले आणि सुरू झाली. तोच खणखणीत आवाज. बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या ओळीवर. पण बाराव्या ओळीशी तिने खाली पाहिले. हळूबाई खरे बोलली होती का, एवढेच तिला बघायचे होते. वाचता न येणाऱ्यालाही कोरे कळतेच. पांढरी पट्टी तिच्या बोटाखाली होती आणि तोंडातून शब्द बाहेर पडत होते, त्यांना आता थांबवता येत नव्हते. “सुतार मात्र सर्वांत शेवटी नावेत चढला.”

“वा!” बाईंनी खूण केली. “ऐकलंस का ग हळूबाई? याला म्हणतात वाचन. ऊठ भोंगा, पुढच्याला बसू दे.”

भोंगा उठली नाही. तिचे बोट त्या कोऱ्या पट्टीवरच होते. ती उठली असती तर सगळे सुरळीत झाले असते. गणवेश इस्त्री होऊन खुंटीला होता. खूण झाली होती. सहा वर्षे जपलेले गुपित कायमचे झाकले गेले असते. फक्त एक हळूबाई मागे राहिली असती.

“अग ऊठ ना.”

“बाई, इथं खरंच काही नाहीये.”

“कुठं?”

“इथं. ती खरं बोलली. कोरं आहे.”

“मग तू आत्ता काय वाचलंस?”

“मी नाही वाचलं.” तिचा आवाज इतका बारीक झाला की रांग पुढे वाकली. “मला येतच नाही, बाई. मला वाचताच येत नाही.”

मागे कोणीतरी फिसकन हसले, पण ते हसू तिथेच विझले. रांगेतल्या कितीतरी जणांचे चेहरे उतरले होते. बाईंनी हात लांब करून मला आपल्याकडे वळवले. त्यांनी स्वतः चिकटवलेली पट्टी त्यांना दिसली. मग त्यांनी हळूबाईची फुली खोडली, खूण केली आणि तिला जवळ घेऊन म्हणाल्या, “चुकले ग मी.” आणि टेबलाच्या पलीकडून उठून त्या अलीकडे, भोंगाच्या शेजारी येऊन बसल्या.

त्या दिवशी बाईंनी कपाटातून कोणी न उघडलेले एक पुस्तक काढले आणि प्रत्येकाला त्यातली एकेक ओळ वाचायला दिली. बत्तीसपैकी बारा जणांना एक ओळही धड वाचता आली नाही. बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. त्या नोंदवही घेऊन मोठ्या सरांकडे जायला निघाल्या, तर सरच नोंदवही न्यायला वर्गात आले.

“बारा? भलतंच काय बोलताय!” सर म्हणाले. “वीस वर्षं आपला निकाल शंभर टक्के आहे. बारा पोरं मागं ठेवून लोकांना काय तोंड दाखवू? अकरा दिवसांनी जातील ती मोठ्या शाळेत. तिथले बघून घेतील.”

“तिथं अक्षरं कोण शिकवणार, सर?”

“आणि मग तुम्ही इतकी वर्षं काय केलंत?”

बाईंनी मान खाली घातली. पण म्हणाल्या, “अकरा दिवस तर अकरा दिवस. तेवढे मला द्या. दुसरं काही काम सांगू नका.” सरांनी खांदे उडवले, नोंदवहीत सगळ्यांपुढे खूण केली आणि ती घेऊन गेले.

मला बाईंनी टेबलाखाली ठेवले होते. तिथून मी ते अकरा दिवस पाहिले. बारा मुले सकाळी लवकर येत आणि शाळा सुटल्यावरही बसत. भोंगाची आई पहिल्या दिवशी आली, दारात उभी राहून बाईंना वाट्टेल ते बोलली, आणि रडून परत गेली. दुसऱ्या दिवशी तीच लेकीचा दोन वेळचा डबा देऊन गेली. बाई प्रत्येकाच्या शेजारी बसत. बोटाकडे बघत. काना, वेलांटी, उकार, पुन्हा काना. बाईंचा घसा बसला. मुले कंटाळली, रडली. दोघे येईनासेच झाले. हळूबाई न सांगता येऊन भोंगाच्या बाजूला बसू लागली. भोंगा एखादा शब्द ऐकून पाठ करायला गेली की ती म्हणे, “तोंड मीट. आधी बघ.” दिवस भराभर संपत होते आणि मुलांचे वाचन मुंगीच्या पावलांनी पुढे जात होते. तो हिशेब जुळणारा नव्हता, हे बाईंनाही कळत होते.

अकराव्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले नाही. भोंगाला उभे केले. ज्या मुलीचा आवाज फाटकाबाहेर जाई, ती एकेका अक्षरासाठी घाम पुसत होती. “खि... खिड... की.” ती मागे गेली. “खिडकी... बं... द... बंद... आ... हे.” मग तिने सगळे जोडून एकदा मनाशी म्हटले. आणि वळून खिडकीकडे पाहिले. खिडकी सताड उघडी होती.

“पण बाई, हे खोटं आहे!” ती ओरडली. “खिडकी तर उघडी आहे!”

बाई मटकन बाकावर बसल्या आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागल्या. बिचाऱ्या भोंगाला वाटले, आपलेच काही चुकले.

मित्रांनो, बारा जणांपैकी चौघे तिथवर पोहोचले. आठ जण होते तसेच, हातात माझी खूण घेऊन रस्त्यापलीकडे गेले. भोंगाही गेली, एवढेसे वाचन बरोबर घेऊन. ते तिला पुरले की नाही, मला माहीत नाही. त्या आठांचे काय झाले, हेही मला कोणी सांगायला येत नाही. सुट्टी लागल्यावर मावशींनी वर्ग आवरला आणि मला या फटीत सारले.

जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. माझे मागणे उलटे आहे. तुमच्यापैकी कोणाला मी पाठ असेन, तर मला विसरा. वाचता येत नसेल, तर आजच कोणाला तरी तसे सांगा. आवाज बारीक झाला तरी चालेल, पण सांगा. आणि जे मोठे असाल, त्यांनी घडाघडा ऐकून खूश होऊ नका. मुलाच्या शेजारी बसा, त्याने कधी न ऐकलेले पान उघडा, आणि त्याचे बोट बघा. ते बोट कुठेच थांबले नाही, तर कृपा करून त्या मुलाला पुढे जाऊ देऊ नका.